खासगी वेगळी, दौलत वेगळी

(गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, दि. ३० मार्च २०२५ रोजी, इंदूर येथे आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी गुढी उभारून, कडुनिंबाचं पान खाऊन आणि श्रीखंड-पुरीवर आडवा हात मारून तुम्ही इथे आला आहात. कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला आहे हिशेबाचा आणि कराचा. तेव्हा कडुनिंबाचा उरलेला भाग संध्याकाळी आला, असं समजून ऐकावं.

यंदा योग बरा जुळला आहे. आज ३० मार्च, पाडवा. उद्या ३१ मार्च, सरकारी वर्षाचा शेवटचा दिवस. परवा १ एप्रिल, नवं आर्थिक वर्ष. आपल्याकडे माळव्यात वहीपूजन दिवाळीत होतं. पहिल्या पानावर 'श्री', कुंकवाचं स्वस्तिक, शुभ-लाभ, सगळं होतं. ते असावंच. पण कर मोजणारं वर्ष १ एप्रिलला उजाडतं. म्हणून धंद्याची नवी वही खऱ्या अर्थाने उघडायची ती याच आठवड्यात.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही म्हणजे मंडळातले चार-पाच जण. एक बँकेतून निवृत्त झालेले काका, एक सीएच्या ऑफिसात काम करणारी मुलगी, एक किराणा दुकानदार, आणि बोलण्याचं काम ज्याच्या गळ्यात पडलं तो राज्य सरकारचा डिप्लोमावाला कर्मचारी. जून-जुलैत रविवारी संध्याकाळी आम्ही मंडळाच्या खोलीत बसतो. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर भागातली आपली माणसं कागद घेऊन येतात. कुणाची खानावळ, कुणाचं शिलाईचं काम, कुणी चिवडा-चकली करून विकतं, कुणाचं स्टेशनरीचं दुकान, कुणाचं वायरिंगचं. कागद बहुतेक पिशवीतून येतात. पिशवीत बिलं असतात, मुलाच्या फीची पावती असते, औषधाचं बिल असतं आणि कधीकधी लग्नाची पत्रिकाही असते. ती पिशवी टेबलावर पालथी केली की कळतं, हा प्रश्न जुलैचा नाही. तो मागच्या एप्रिलमध्ये सुरू झाला.

तो प्रश्न एकच आहे: घराचा पैसा आणि धंद्याचा पैसा एका गल्ल्यात.

आपण इंदूरकर आहोत. यंदा अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं होत आहेत, तेव्हा उदाहरण घरचंच देतो. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीचं उत्पन्न स्वतंत्र लावून दिलं. राज्याची ती दौलत आणि कुटुंबाची ती खासगी. दोन्हींचा हिशेब वेगळा. गौतमाबाईंच्या मागे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. देशभर त्यांनी जी मंदिरं, घाट, धर्मशाळा बांधल्या, त्या खर्चासाठी त्यांनी दौलतीला हात लावला नाही, तो खासगीतून केला. एवढं मोठं संस्थान ही रेघ पाळू शकलं. आपलं तर एक दुकान आहे.

रेघ नसली की काय होतं, ते आकड्यांत पाहू. फराळाचे पदार्थ करून विकणारं एक घर धरू. महिन्याची विक्री ९०,००० रुपये. डाळ, तेल, पोहे, मसाला मिळून ५२,०००. गॅस आणि पॅकिंग ९,०००. मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार ८,०००. खर्च ६९,०००. उरले २१,०००. ही त्या घराची महिन्याची कमाई. पण घरखर्च त्याच डब्यातून होतो. दूध, वीज, शाळेची फी, एखादं लग्नकार्य धरून महिन्याला २७,००० बाहेर जातात. वरचे ६,००० येतात कुठून? सियागंजातल्या व्यापाऱ्याच्या उधारीतून. त्याचं बिल या महिन्याचं पुढच्या महिन्यावर जातं. घरात कुणालाच काही जाणवत नाही, कारण डब्यात हात घातला की नोटा लागतात. वर्षाच्या शेवटी ७२,००० ची उधारी होते, आणि मालक म्हणतात, "धंदा जोरात आहे, पण पैसा टिकत नाही." धंदा खरोखरच चांगला आहे. घर धंद्याचं भांडवल खात आहे, एवढंच लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट नाव न घेता सांगतो, कारण ते कुटुंब आपल्यातलंच आहे. इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. दादा स्वभावाने मोकळे, उधारीवर माल देणारे, आणि हिशेब सगळा डोक्यात. ते अचानक गेले. तेरावं झाल्यावर वहिनी तीन डायऱ्या घेऊन आमच्याकडे आल्या. त्यात नोंदी अशा: "कॉलनीवाले – १८", "शर्मा सप्लायर – ४२ बाकी". अठरा म्हणजे अठराशे की अठरा हजार? बाकी म्हणजे द्यायची की घ्यायची? सांगणारं माणूसच राहिलं नव्हतं. ज्यांना पैसे द्यायचे होते, ते सगळे बिलं घेऊन दारात आले. ज्यांच्याकडून यायचे होते, त्यांच्यातले दोघंच आले. दुकान बंद करावं लागलं. माल होता, गिऱ्हाईक होतं, मुलगा हाताशी आलेला होता. वही नव्हती.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं हे, की हिशेब आयकर खात्यासाठी लिहायचा नाही. तो आधी घरच्यांसाठी लिहायचा. खात्याचं काम त्यातून आपोआप होतं.

आता या आठवड्यात काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

उद्या रात्री दुकान बंद केल्यावर एक कोरा कागद घ्या. त्यावर पाच गोष्टी लिहा. गल्ल्यात रोख किती, बँकेत शिल्लक किती, माल किती, आपल्याला कुणाकडून किती यायचे, आपल्याला कुणाला किती द्यायचे. मालाची यादी करताना विक्रीची किंमत लावू नका. खरेदीची किंमत किंवा आजची बाजारातली किंमत, यांतली जी कमी असेल ती लावा. खराब झालेला, न खपणारा माल वेगळा लिहा. उधारीच्या प्रत्येक नावापुढे पूर्ण आकडा आणि तारीख. कागदाखाली सही करा. हा कागद म्हणजे जुन्या वर्षाचा शेवट आणि नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक. दोन तासांचं काम आहे. हे काम जुलैत करायला गेलात तर दोन तासांचे दोन आठवडे होतात आणि तरीही आकडा अंदाजाचाच राहतो.

१ एप्रिलपासून धंद्याचं बँक खातं वेगळं. दुकानावर लावलेला क्यूआर कोड त्याच खात्याचा. घरच्या खात्याचा क्यूआर दुकानावर असला, की भाचीने परत केलेले हातउसने आणि भिशीचे पैसे विक्रीच्या पैशांत मिसळतात. उद्या कुणी विचारलं, की यातली विक्री कोणती, तर एकेक नोंद उकलत बसावी लागते. वेगळ्या खात्यातून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला घरासाठी ठरलेली रक्कम काढा. हिला उचल म्हणायचं. ही उचल धंद्याचा खर्च नाही, हे नीट लक्षात ठेवा. मालक स्वतःला पगार देऊन नफा कमी दाखवू शकत नाही. आधी नफा, मग त्यातून उचल. आपल्या फराळवाल्या घराने उचल २०,००० ठरवली, तर दरमहा हजार रुपये धंद्यात राहतील आणि घरखर्चाचं खरं चित्र पहिल्याच महिन्यात समोर येईल. घरात एकदा वाद होईल. तो एप्रिलमध्ये झालेला बरा.

वही फार मोठी नको. आपल्या आजोबांच्या काळी कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. कीर्दीत रोजची जमा-नावे, खतावणीत प्रत्येक नावाचं खातं. आजही तेवढं पुरतं. रोज रात्री कीर्दीत पाच ओळी: आजची रोख विक्री, ऑनलाइन विक्री, उधार विक्री, खर्च, शिल्लक. लिहिलेली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड जुळली पाहिजे. जुळली नाही तर फरक तसाच लिहा, जुळवून दाखवू नका. मोबाइलवर लिहायचं असेल तर मोबाइलवर लिहा, पण रोज लिहा.

बिलबुक १ एप्रिलपासून नवं, क्रमांक १ पासून. जीएसटी असलेल्यांना तर वर्षभर सलग क्रमांक लागतोच. मध्ये नंबर गाळायचा नाही, दोनदा वापरायचा नाही. खरेदीची बिलं महिन्याप्रमाणे फाइलला लावा. पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या दुकानात मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीची शाई काही महिन्यांत उडते. तिचा त्याच दिवशी फोटो काढा. कागद जपायचे किती वर्षं, हे विचारतात. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं. माळ्यावर एक पेटी त्यासाठी ठेवा.

आता कराकडे येऊ.

जीएसटीची नोंदणी आपल्या मध्य प्रदेशात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. सेवा असेल तर २० लाखांनंतर. खानावळ आणि मेस सेवेत मोडते, हे पुष्कळांना माहीत नसतं. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांसाठी महत्त्वाची. इंदूरचा चिवडा-शेव पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकून पाठवायचा असेल, तर तो दुसऱ्या राज्यातला पुरवठा झाला. तिथे ४० लाखांची मर्यादा चालत नाही, नोंदणी लागते. बहिणीला फराळ पाठवणं वेगळं, तिच्या सोसायटीत ऑर्डरी घेऊन विकणं वेगळं.

नोंदणी असलेल्या लहान धंद्याला कंपोझिशनची सोय आहे. उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर व्यापारी आणि उत्पादकाला १ टक्का, खानावळीला ५ टक्के. मात्र गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही, खरेदीवरच्या कराची वजावट नाही, आणि दुसऱ्या राज्यात माल विकायचा नाही. नव्या वर्षासाठी यात यायचं असेल तर सीएमपी-०२ हा अर्ज वर्ष सुरू होण्याआधी करायचा असतो. म्हणजे उद्या. ज्यांना हवं आहे त्यांनी आज जेवणानंतर आम्हाला गाठावं, अर्ज ऑनलाइन आहे.

आयकराबद्दल बजेटपासून एकच वाक्य ऐकू येतं, "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, आता कशाला रिटर्न?" हे वाक्य अर्धं खरं आहे. परवा सुरू होणाऱ्या २०२५-२६ साठी, नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, कारण तेवढी सूट मिळते. पण मूळ करमुक्त मर्यादा ४ लाख आहे. उत्पन्न त्याच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, कर शून्य असला तरी. आणि उद्या संपणाऱ्या २०२४-२५ साठी आकडे जुनेच आहेत: मर्यादा ३ लाख आणि सूट ७ लाखांपर्यंत.

लहान धंद्यासाठी कलम ४४ एडी आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ३ कोटींपर्यंत, विक्रीच्या ८ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. या सोयीत कायदा तुमच्याकडे वह्या मागत नाही. विमा एजंटांनी मात्र नोंद घ्यावी, कमिशनच्या उत्पन्नाला हे कलम लागू नाही. आणि एकदा यात येऊन पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात, तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही.

इथे पुष्कळ लोक चुकीचा हिशेब करतात. आपलं फराळवालं घर पुन्हा घेऊ. वर्षाची विक्री १०,८०,०००. सगळी यूपीआयने आली असं धरलं तर ६ टक्के म्हणजे ६४,८००. कुणीतरी सांगतं, "एवढाच नफा दाखवा, सुटलात." पण खरा नफा महिन्याला २१,००० प्रमाणे २,५२,००० आहे. कायद्यातले ६ आणि ८ टक्के हे कमीत कमी आहेत. जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं असतं. आता गंमत पाहा. दुसरं उत्पन्न नसेल तर २,५२,००० वरही कर शून्यच आहे. खरं लिहिल्याने एक रुपया जास्त जात नाही. आणि हेच घर उद्या मोठी कढई, पॅकिंगचं यंत्र घ्यायला बँकेत ५ लाख मागायला गेलं, की मॅनेजर पहिल्यांदा तीन वर्षांची रिटर्नं मागतो. वर्षाला ६४,८०० कमावणाऱ्याला तो कोणत्या आधारावर कर्ज देईल? आमचे बँकेतले काका सांगतात, की नोकरीत असताना त्यांच्या टेबलावरून परत गेलेले कितीतरी अर्ज चांगल्या चालणाऱ्या धंद्यांचे होते. कागदावर मात्र ते धंदे मरायला टेकलेले दिसत.

रोखीचे तीन आकडे पाठ करा. एका दिवसात एका माणसाला १०,००० हून जास्त रोख दिले, तर हिशेब लिहिणाऱ्याला तो खर्च वजा मिळत नाही. २०,००० किंवा त्याहून जास्त उसने रोखीत घ्यायचे नाहीत, ते मेव्हण्याकडून असले तरी. आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारायची नाही.

जे मोठ्या कंपन्यांना माल बनवून किंवा सेवा देतात, त्यांनी उद्यमची नोंदणी करून घ्यावी. ती फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. पैसे अडकलेल्या लहान माणसाच्या हातात हे एक हत्यार आहे. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांना १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला खाद्य सुरक्षेची साधी नोंदणी पुरते, वर्षाला १०० रुपये. तिची मुदत याच आठवड्यात तपासा.

तारखा डोक्यात ठेवू नका. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहा, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी. कंपोझिशनवाल्यांनी प्रत्येक तिमाहीनंतरची १८ तारीख आणि वार्षिक रिटर्नची ३० जून. आयकर रिटर्न ३१ जुलै. कर लागत असेल तर ४४ एडीवाल्यांचा आगाऊ कर एकदाच, १५ मार्चला. (स्मरणिका छापताना: २०२४-२५ च्या रिटर्नची ३१ जुलैची मुदत यंदा १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढली आहे. विसर्जनानंतर फार दिवस उरत नाहीत, हे ध्यानात असू द्यावं.)

शेवटचं सांगणं घरातल्या दुसऱ्या माणसासाठी आहे. वही लिहिणारा एक असला तरी वाचता येणारे दोन हवेत. पत्नी, मुलगा, सून, मुलगी, कुणीही. महिन्यातून एका रविवारी चहा घेताना अर्धा तास वही दोघांनी मिळून पाहा. कुणाकडून यायचे, कुणाला द्यायचे, बँकेचा पासवर्ड कुठे लिहिला आहे, सीएचा फोन कोणता. आपल्याकडे हे बोलणं अशुभ वाटतं. पण त्या वहिनींना तीन डायऱ्या घेऊन बसलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यात अशुभ काही वाटणार नाही.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याच मंडळाचा गणपती बघा. ५१ रुपयांची वर्गणी असली तरी पावती फाटते. मखराचा, मांडवाचा, प्रसादाचा, बँडचा खर्च लिहिला जातो. अनंत चतुर्दशी झाली की जमा-खर्च फलकावर लागतो आणि सभेत वाचला जातो. दहा रुपयांचा फरक आला तर आपले ज्येष्ठ सभासद उभे राहून विचारतात, आणि खजिनदाराला उत्तर द्यावं लागतं. गणपतीचा पैसा खजिनदार कधी घरच्या किराण्यात घालत नाही. तशी कल्पनाही कुणाच्या मनात येत नाही. ही शिस्त आपल्या हाडात आहे. आपण ती बाप्पासाठी पाळतो, स्वतःच्या दुकानासाठी पाळत नाही, इतकंच.

एप्रिलचे चारही रविवार, संध्याकाळी सहा ते आठ, आम्ही मंडळाच्या खोलीत बसणार आहोत. शुल्क नाही. ऑडिटची गरज असेल किंवा नोटीस आली असेल तर आम्ही सीएकडेच पाठवू, ते काम आमचं नाही. बाकी कुणीही यावं. येताना पिशवी आणली तरी चालेल, पण उद्या रात्री लिहिलेला तो एक कागद आठवणीने आणा.